युद्ध व समाज

युद्ध व समाज : युद्धसंस्था व समाजरचना यांच्या परस्परसंबंधांचा विषय. उत्पादनपद्धती, सामाजिक श्रेणी व राज्यसंस्था यांवरून सैन्य कसे उभारले जाणार हे ठरते. उलट सैन्याच्या गरजा करपद्धती, शिक्षण व नागरिकत्व यांना वळण देतात. लोकसंख्येचा जितका मोठा भाग लष्करी कार्यात सहभागी होतो, तितकी सामाजिक विषमता कमी होण्याकडे कल असतो, असे प्रतिपादन समाजशास्त्रज्ञ स्टानिस्लाव आंद्रेस्की यांनी १९५४ मध्ये केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरील बहुसंख्य स्त्रियांना मताधिकार मिळाला, हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. मात्र सहभागाची संधी कोणाला मिळावी, हे पुष्कळदा समाजातील श्रेष्ठकनिष्ठतेच्या रूढ कल्पनाच ठरवितात.

महाराष्ट्रात लष्करी सेवा हा सामाजिक उन्नतीचा जुना मार्ग होता. बारगिरास सरकारी घोडा मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा बाळगी. शिलेदारीतून व पुढे सरंजामांतून अनेक कुटुंबे नावारूपास आली. तथापि या मार्गाने वर चढण्यास जातीची मर्यादा होतीच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महारांची मोठ्या प्रमाणावर भरती झाली. १ जानेवारी १८१८ रोजीच्या कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली त्यांची नावे कोरलेली आहेत. सेवेतून रोख पगार, निवृत्तिवेतन व गावकीच्या कामांतून सुटका हे लाभ मिळाले. पण अधिक दूरगामी ठरले ते लष्करी शाळांतील शिक्षण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच एका शाळेत मुख्याध्यापक होते. शस्त्राबरोबर अक्षरही हाती आले, हा कंपनीच्या हेतूबाहेरचा परिणाम होय.

१८५७ च्या उठावानंतर सैन्याची पुनर्रचना झाली व ‘लढाऊ जमाती’ची कल्पना बळावली. तिचा पुरस्कार करणारे लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात भारतातील सरसेनापती होते. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महारांची भरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा एका प्रशासकीय निर्णयाने निरर्थक ठरली. ज्यांना सैन्याने साक्षर केले, त्यांनाच त्याने दार लावले. या अन्यायाविरुद्धचे अर्ज निवृत्त सैनिकांच्याच वर्तुळातून पुढे आले. गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. समान नागरिकत्वाच्या मागणीची भाषा या अर्जांतून घडत गेली.

दार उघडले ते युद्धाच्या निकडीने. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये बरखास्त झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. ती युद्धोत्तर कपातीतून टिकली व पुढे तिच्यात इतर समाजांतील सैनिकही घेतले जाऊ लागले.