पातेआ गावचे गाणे

संगीत हा माझा प्रांत नव्हे. माझे आयुष्य कारखान्यांच्या दारांपुढे सभा घेण्यात गेले. तरी आज एका गाण्याविषयी बोलणार आहे, कारण ते ज्यांनी गायले त्यांच्या गावचा कारखाना बंद पडला होता.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, तारानाकी भागात, पातेआ नावाचे लहानसे गाव आहे. मांस गोठवून परदेशी धाडणारा कारखाना हा गावाचा मुख्य आधार. या धंद्याची त्या देशातली पहिली खेप 'डनेडिन' नावाच्या शिडाच्या जहाजाने १८८२ साली विलायतेस नेली. पुढे नव्वद वर्षे ते गिऱ्हाईक पक्के होते. १९७३ साली ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरले आणि ते सैल पडले. पहिल्या खेपेला शंभर वर्षे झाली त्याच १९८२ साली पातेआच्या कारखान्याला टाळे लागले. (मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप त्याच वर्षी सुरू झाला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. भोंगा न वाजणारी सकाळ मला अजून आठवते.) बेकार झालेल्यांत माओरी पुष्कळ होते. माओरी म्हणजे त्या देशाचे मूळ रहिवासी. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांच्या कित्येक पिढ्यांनी छड्या खाल्लेल्या.

डॅलव्हेनियस प्राइम हा याच मुलखाचा माओरी गायक. ऑस्ट्रेलियात अमेरिकन वळणाची गाणी गाऊन तो परतला होता. १९८२ सालीच तो टोकोमारू येथे न्गोई पेफाइरांगी या बाईंना भेटला. बाई माओरी भाषेच्या नामांकित शिक्षिका आणि कवयित्री. आपल्या तरुणांना भाषेचा अभिमान कसा शिकवशील, असे त्यांनी त्याला विचारले. ज्या संगीतावर ते नाचतात त्याच संगीतातून, असे त्याचे उत्तर. शब्द बाईंचे, चाल त्याची, असे 'पोई ए' तयार झाले.

पोई म्हणजे दोरीला बांधलेला चेंडू. माओरी स्त्रिया तो ठेक्यावर फिरवीत नाचतात. रानात भिरभिरणाऱ्या एका चिमण्या पाखराची उपमा गाण्यात आहे. शहरात वाट शोधणारी माओरी पोरे बाईंना तशी दिसत. गाणारे पातेआ माओरी क्लबचे लोक. त्यांच्यात कारखान्यातून सुटलेले कामगारही होते. ठेका मात्र यंत्राचा, रस्त्यावरच्या पोरांच्या नाचाचा! जुन्या मंडळींना तो रुचला नसेल तर मी त्यांना दोष देणार नाही. पण पोरांना बोलवायचे तर ती जेथे उभी आहेत तेथे जावे लागते. युनियनचे कामही याहून वेगळे नसते.

ध्वनिमुद्रिका काढायला कंपन्या तयार होईनात. तेव्हा प्राइमने स्वतःच कंपनी काढली. व्यापारी रेडिओने गाणे जवळजवळ वाजवलेच नाही. तरी १९८४ साली ते चार आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्या वर्षी तेथे सर्वांत जास्त खपले. बाई १९८५ साली वारल्या. १९८७ साली त्याच नावाचा अल्बम निघाला, आणि त्याच वर्षी कायद्याने माओरी ही न्यूझीलंडची अधिकृत भाषा झाली. कायदा गाण्याने झाला असे मी म्हणणार नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचे अर्ज, मोर्चे आणि खटले होते.

गाण्याने कारखानाही उघडला नाही. २००८ साली त्या ओस इमारतीला आग लागली. दोन वर्षांनी 'बॉय' या चित्रपटात 'पोई ए' वाजले, आणि टाळे लागले तेव्हा जन्मलीही नव्हती अशा पोरांनी ते पुन्हा खपाच्या यादीत चढवले.