वाहनांच्या धुराचे शासकीय नियमन व तपासणी : पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील हजारो वाहनांच्या क्रमांकपट्टीवर 'एमएच ०६' ही अक्षरे आढळतात. ही पेण येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची खूण आहे. (पनवेलसाठी 'एमएच ४६' हा स्वतंत्र संकेतांक आहे.) वाहनाची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र व धूरविषयक नियमांची अंमलबजावणी या तिन्ही बाबतींत पेण व रोहा परिसराचा संबंध याच कार्यालयाशी येतो. दुसऱ्या बाजूस मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे व कोलाड या गावांवरून जातो. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत यांची मालवाहतूक याच रस्त्यांवर अवलंबून आहे. त्यात गावोगाव प्रवासी नेणाऱ्या डिझेलच्या मिनीडोअर गाड्या, एस.टी. बसगाड्या आणि गणेशोत्सवापूर्वी पेणहून मूर्ती घेऊन निघणारे टेम्पो यांची भर पडते.

या बहुतेक वाहनांजवळ वैध पीयूसी प्रमाणपत्र असते. तरीही वडखळच्या नाक्यावर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या किंवा फळविक्रेत्याच्या वाट्याला काळा धूर येतोच. कागद आणि धूर यांतील ही तफावत कशी निर्माण होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी कायद्याची चौकट, निकषांचा विकास आणि तपासणीचे शास्त्रीय स्वरूप या तीन अंगांनी विषयाचा विचार केला आहे.

२. कायद्याची चौकट

वाहनांच्या धुराचे नियमन प्रामुख्याने दोन कायद्यांवर उभे आहे. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २० नुसार वाहनांच्या उत्सर्जनाचे निकष पाळले जावेत यासाठी राज्य शासन नोंदणी प्राधिकाऱ्यांना निर्देश देते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११० ने केंद्र शासनास वाहनांची रचना, देखभाल व धूर यांविषयी नियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ व ११६ हे या विषयाचा गाभा होत.

नियम ११५ अन्वये प्रथम नोंदणीस एक वर्ष पूर्ण झाल्यावर प्रत्येक वाहनाजवळ वैध 'पोल्युशन अंडर कंट्रोल' म्हणजेच पीयूसी प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. जुन्या वाहनांसाठी त्याची मुदत सहा महिने, तर भारत स्टेज–४ व भारत स्टेज–६ वाहनांसाठी बारा महिने आहे. नियम ११६ अन्वये पोलीस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक यांच्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी संशयित वाहनाच्या चालकास तपासणी करून घेण्याचा लेखी आदेश देऊ शकतो. सात दिवसांत प्रमाणपत्र सादर न झाल्यास दंडाची तरतूद आहे आणि वाहनाची नोंदणी निलंबित होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खालील दंडाची कमाल मर्यादा १०,००० रुपये झाली; पूर्वी पहिल्या अपराधास ती १,००० रुपये होती.

व्यापारी वाहनांस याखेरीज योग्यता प्रमाणपत्र लागते. २०१८ पासून पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०१० मध्ये ठराविक वयापुढील वाहनांवर पर्यावरण करही लागू केला.

३. निकषांचा विकास आणि त्यातील भौगोलिक दुजाभाव

भारतात नव्या पेट्रोल वाहनांसाठी वस्तुमानाधारित उत्सर्जन निकष १९९१ मध्ये व डिझेल वाहनांसाठी १९९२ मध्ये लागू झाले. १९९६ मध्ये ते कडक करण्यात आले आणि शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये देशभर थांबली. त्याच वर्षी युरोपीय निकषांच्या धर्तीवर 'इंडिया २०००' निकष आले. पुढे भारत स्टेज–२ ची सुरुवात दिल्ली, मुंबई यांसारख्या महानगरांत झाली आणि देशभर ते निकष २००५ मध्ये पोहोचले. भारत स्टेज–३ देशभर २०१० मध्ये लागू झाले. त्याच वर्षी मुंबई, पुणे व सोलापूरसह १३ शहरांत मात्र भारत स्टेज–४ सुरू झाले.

या टप्प्यांचा अर्थ पेण–रोह्याच्या दृष्टीने समजून घेणे आवश्यक आहे. २०१७ पर्यंत वाहनाने कोणता निकष पाळावा हे त्याची नोंदणी कोठे झाली यावरून ठरत असे. मुंबईत नोंदलेली नवी मोटार आणि १३ शहरांबाहेर नोंदलेला नवा ट्रक एकाच महामार्गावरून धावत. परंतु त्यांच्या धुराच्या कायदेशीर मर्यादा वेगवेगळ्या होत्या. मालवाहू वाहन शहराची सीमा ओळखत नाही आणि वाराही ओळखत नाही. महानगराच्या हवेची काळजी घेणाऱ्या धोरणाने महानगराला माल पुरविणाऱ्या रस्त्यालगतच्या गावांना एक पायरी खाली ठेवले, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

१ एप्रिल २०१७ रोजी भारत स्टेज–४ देशभर लागू झाल्याने हा भेद संपला. तत्पूर्वी २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिल्लक भारत स्टेज–३ वाहनांची विक्री त्या तारखेपासून थांबविण्याचा आदेश दिला होता. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज–६ लागू झाले. डिझेल मोटारीसाठी सूक्ष्म कणांची मर्यादा प्रति किलोमीटर २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली आणि इंधनातील गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर उतरले. गंधक कमी झाल्याखेरीज धूर शुद्ध करणारी आधुनिक उपकरणे टिकत नाहीत. म्हणून इंधन आणि इंजिन यांचे निकष नेहमी जोडीने बदलावे लागतात.

तथापि, नवे निकष नव्या वाहनांना लागू होतात. २०१२ मध्ये नोंदलेला ट्रक आजही त्या काळच्याच तंत्रज्ञानावर चालतो. अशा वाहनांपर्यंत कायद्याचा हात पोहोचतो तो केवळ पीयूसी व योग्यता तपासणीच्या मार्गाने. त्यामुळे ही तपासणी नेमके काय मोजते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

४. तपासणीचे स्वरूप

वाहनाची तपासणी दोन पूर्णतः भिन्न पातळ्यांवर होते. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी वाहनाच्या नमुन्यास मान्यता घ्यावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही अशी मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख होय. तेथे वाहन रोलरवर ठराविक वेगक्रमाने चालवून प्रत्येक प्रदूषकाचे प्रति किलोमीटर वजन काढले जाते. याउलट पीयूसी केंद्रावर वाहन जागेवर उभे असते आणि चाचणी काही मिनिटांत संपते.

पेट्रोल वाहनाची चाचणी इंजिन मंद गतीने चालू ठेवून होते. धूरनळीत नळी घालून कार्बन मोनॉक्साइडचे शेकडा प्रमाण व हायड्रोकार्बनचे पीपीएम मोजले जातात. ३१ मार्च २००० नंतर उत्पादित चार–स्ट्रोक दुचाकीसाठी ही मर्यादा अनुक्रमे ३.५ टक्के व ४,५०० पीपीएम आहे. भारत स्टेज–२ व ३ मोटारीसाठी ती ०.५ टक्के व ७५० पीपीएम, तर भारत स्टेज–४ मोटारीसाठी ०.३ टक्के व २०० पीपीएम आहे.

डिझेल वाहनाच्या बाबतीत 'मुक्त प्रवेग' पद्धती वापरतात. गिअर न टाकता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन कमाल गतीस नेले जाते व ही क्रिया वाचने स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा करतात. बाहेर पडणाऱ्या धुरातून प्रकाशाचा झोत सोडून तो किती अडला हे स्मोक मीटर दाखविते. जुन्या डिझेल वाहनांसाठी मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या धुराच्या स्तंभाने ६५ टक्के प्रकाश अडविला तरी वाहन उत्तीर्ण ठरते. भारत स्टेज–४ वाहनांसाठी ही मर्यादा ५० युनिट आहे. उघड्या डोळ्यांना काळा दिसणारा धूर कायद्याच्या दृष्टीने वैध असू शकतो, याचे पहिले कारण येथेच सापडते.

५. प्रमाणपत्र काय सांगत नाही

पहिली गोष्ट अशी की, पीयूसी चाचणी नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाही आणि सूक्ष्म कणांचे वजनही मोजत नाही. प्रकाश अडविण्याची क्षमता हा काजळीचा स्थूल निर्देशक आहे. श्वसनमार्गात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण त्यातून निसटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या घटकांच्या गटात केला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे चाचणीच्या वेळी इंजिनावर भार नसतो. नागोठण्याहून रोह्यास जाताना भिसे खिंडीचा चढ लागतो. भरलेला ट्रक तो चढ खालच्या गिअरमध्ये चढत असताना सिलिंडरमध्ये अधिक डिझेल सोडले जाते. एअर फिल्टर तुंबलेला असेल, इंजेक्टर झिजला असेल किंवा मर्यादेपेक्षा अधिक माल भरला असेल, तर पुरेशा हवेअभावी डिझेल अर्धवट जळते व काजळी बाहेर पडते. उभ्या वाहनाच्या चाचणीत या स्थितीचे प्रतिबिंब पडत नाही. अशीच मर्यादा प्रयोगशाळेतील चाचणीलाही आहे. फोक्सवॅगन कंपनीने चाचणी ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन घटविणारी संगणकप्रणाली मोटारींत बसविल्याचे २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले, तेव्हा हा प्रश्न जगापुढे आला. भारतात एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींसाठी प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचे मापन बंधनकारक झाले. रस्त्यावरील जुन्या वाहनांस मात्र ते लागू नाही.

तिसरी गोष्ट रस्त्याची. महामार्गाच्या पनवेल–इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले व अनेक वर्षे रखडले. खड्डे व वळणरस्ते यांमुळे वाहन थांबत–थांबत चालते आणि त्याच अंतरास अधिक इंधन जळते. वाहन निर्दोष असले तरी प्रति किलोमीटर धूर वाढतो आणि त्याचा दोष कोणत्याही प्रमाणपत्रावर उमटत नाही.

चौथी गोष्ट तपासणीच्या विश्वासार्हतेची आहे. पीयूसी केंद्राचे उत्पन्न वाहनमालकाने दिलेल्या शुल्कातून येते आणि मालकास प्रमाणपत्र हवे असते, निदान नको असते. दिल्ली परिसरातील व्यवस्थेची पाहणी करणाऱ्या पर्यावरण प्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) प्राधिकरणास २०१७ मध्ये अनुत्तीर्ण वाहनांचे प्रमाण अत्यल्प आढळले. ते चाचणीच्या गुणवत्तेविषयी शंका उत्पन्न करणारे होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वैध पीयूसीखेरीज वाहनविम्याचे नूतनीकरण करू नये, असा निर्देश दिला. जून २०२१ मधील केंद्रीय अधिसूचनेने देशभर एकच नमुना, त्यावर क्यूआर कोड, माहितीची राष्ट्रीय नोंदवहीशी जोडणी आणि अनुत्तीर्ण वाहनास कारणासहित नकारपत्र देण्याची तरतूद केली. या सुधारणा योग्य दिशेच्या आहेत. तथापि संगणकात नोंदलेला आकडा हा नळी प्रत्यक्ष किती खोल घातली व इंजिन किती फिरविले यापेक्षा अधिक खरा असू शकत नाही.

६. भार कोणावर?

नियमनाचा सामाजिक पैलूही दुर्लक्षिता येत नाही. दंड भरतो तो चालक किंवा मालक. मिनीडोअर चालकास इंजेक्टर दुरुस्तीसाठी गाडी दोन दिवस उभी ठेवावी लागली, तर तेवढ्या दिवसांची कमाई बुडते. प्रमाणपत्र मात्र अल्प शुल्कात मिळते. दुरुस्तीपेक्षा कागद स्वस्त असेल, तर कागदच घेतला जाणार, हे उघड आहे. दुसरीकडे रस्त्यालगत दिवसभर बसणाऱ्या विक्रेत्यांस व शाळेत चालत जाणाऱ्या मुलांस या व्यवहारात कोणताही आवाज नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांचा समावेश झाला. पेण किंवा रोह्याचा नाही. लहान शहरांसाठी पीयूसी व योग्यता तपासणी हीच व्यवहारात मुख्य ढाल उरते. म्हणूनच तिचा प्रामाणिकपणा महानगरापेक्षा येथे अधिक मोलाचा आहे.

पर्यायांचे एक उदाहरण याच परिसरात आहे. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये रोहा तालुक्यातील कोलाड येथून भरलेले ट्रक रेल्वेगाडीवर चढवून गोव्याकडे नेण्याची 'रो–रो' सेवा सुरू केली. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. रेल्वेवर चढलेला प्रत्येक ट्रक तेवढ्या अंतराचा धूर टाळतो. जे कोणत्याही दंडाने साधत नाही, ते वाहतुकीच्या नियोजनाने साधते.

७. समारोप

पीयूसी प्रमाणपत्र निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढणे योग्य होणार नाही. ती एक किमान चाळणी आहे. बिघडलेले इंजिन वेळेवर ओळखणे एवढेच तिचे कार्य असून ते प्रामाणिकपणे पार पडल्यास त्याचा लाभ मोठा आहे. परंतु तिला स्वच्छ हवेची हमी मानणे ही गल्लत आहे. चढावर व नाक्यावर अचानक होणारी धूरतपासणी, चाचणी केंद्रांच्या यंत्रांचे नियमित प्रमाणीकरण, अनुत्तीर्ण वाहनाच्या दुरुस्तीचा पाठपुरावा आणि जड वाहतुकीचा काही भाग रेल्वेकडे वळविणे या चार गोष्टी एकत्र आल्याखेरीज कागद व धूर यांतील अंतर कमी होणार नाही.

या कामी महाविद्यालयांनाही वाव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाला आणि त्यात क्षेत्रकार्याची तरतूद आहे. वडखळ नाका किंवा भिसे खिंड येथे ठराविक वेळी धूर सोडणाऱ्या वाहनांची वर्गवार नोंद विद्यार्थी घेऊ शकतील. रसायनशास्त्र, भूगोल, वाणिज्य व मराठी या सर्व विभागांना त्यात आपापला वाटा उचलता येईल. अशी नोंद सलग काही वर्षे ठेवली गेल्यास पेण–रोह्याच्या हवेविषयी बोलताना अनुमानाऐवजी आकड्यांचा आधार मिळेल आणि प्रशासनापुढे मांडण्याजोगी सामग्री स्थानिक पातळीवरच तयार होईल.