चकतीवरचं नाव

जुन्या तबकडीच्या मधोमध एक गोल कागदी चकती असते. आपल्याकडे बहुतेक घरांत तिच्यावर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा असायचा. गाणं कुणाचं हे वाचायच्या आधी नजर कुत्र्यावर जायची. या चकतीला लेबल म्हणतात, आणि रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीलाही पुढे तेच नाव पडलं. चकती डिंकाने चिकटवलेली असते असा माझा कित्येक वर्षं समज होता. तसं नसतं. गरम प्लास्टिकचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबतात तेव्हाच दोन्ही बाजूंना कागद ठेवतात आणि तो प्लास्टिकबरोबर कायमचा दाबला जातो. एकदा छापलेलं नाव मग नखाने खरवडून निघत नाही.

मार्शल जेफरसनला हे चांगलंच कळलं. शिकागोत टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या या तरुणाने १९८६ साली 'मूव्ह युअर बॉडी' नावाचं गाणं केलं. हाउस संगीतात पियानोला मानाची जागा मिळाली ती या गाण्यामुळे. रेकॉर्ड छापायला त्याने पदरचे पैसे भरले आणि चकतीवर त्याच्या स्वतःच्या लेबलचं नाव यायचं ठरलं. हातात आलेल्या रेकॉर्डवर मात्र 'ट्रॅक्स' असं छापलेलं होतं, असं जेफरसन आजवर सांगत आला आहे. हाउसच्या छोट्या कंपन्यांचा इतिहास चाळताना मला ही चकती सारखी आडवी येते.

गोष्ट सुरू होते त्याच शहरातल्या एका बेसबॉलच्या मैदानावर. १२ जुलै १९७९ रोजी कोमिस्की पार्कमध्ये एका रेडिओ निवेदकाने डिस्को संगीताची होळी आयोजित केली होती. डिस्कोची एक रेकॉर्ड आणायची आणि ९८ सेंटमध्ये आत शिरायचं. सुमारे पन्नास हजार लोक जमले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत रेकॉर्डांनी भरलेलं खोकं स्फोटाने उडवलं, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर तिथे व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. सिंथेसायझर घ्यायचा म्हणून तो पैसे साठवत होता. लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी काही संबंध नसलेल्या, पण काळ्या कलाकारांच्या रेकॉर्डही होत्या, हे त्याच्या लक्षात राहिलं. पाच वर्षांनी हाच मुलगा हाउसची पहिली रेकॉर्ड काढणाऱ्यांत होता.

बड्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली, तरी नाचणारे कुठे जाणार? साउथ जेफरसन स्ट्रीटवर १९७७ पासून 'वेअरहाउस' नावाचा क्लब चालू होता. तिथे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण जमत, आणि न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स त्यांच्यासाठी पहाटेपर्यंत रेकॉर्ड वाजवत असे. तिथलं संगीत मागायला लोक दुकानात यायचे. 'वेअरहाउस'मधलं ते 'हाउस' झालं, अशी या नावाची सर्वांत प्रचलित कथा आहे. नव्या डिस्को रेकॉर्ड आटत चालल्या तेव्हा पोरांनी स्वस्तातली ड्रम मशीन घेतली आणि घरच्या घरीच ताल बांधायला सुरुवात केली. चारही ठोके सारखे, मिनिटाला एकशेवीसच्या आसपास, आणि वर जेमतेम चार सुरांची बेसची ओळ.

जेसी सॉन्डर्सची 'ऑन अँड ऑन' १९८४ मध्ये आली. हाउसची पहिली रेकॉर्ड म्हणून सहसा तिचंच नाव घेतात. तिच्यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. सॉन्डर्स रोज ज्या रेकॉर्डने आपला कार्यक्रम सुरू करी ती चोरीला गेली, म्हणून त्याने लॉरेन्सच्या मदतीने तसलंच काहीतरी स्वतः बनवलं. लेबलही घरचंच, 'जेस से'. पण लेबल घरचं असलं तरी छापखाना घरचा नसतो. शिकागोत तो होता लॅरी शर्मनकडे.

या शर्मनला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. बड्या कंपन्या या पोरांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा त्यांची टेप घेऊन काही आठवड्यांत तिची रेकॉर्ड करून देणारा माणूस हाच होता. सॉन्डर्स आणि लॉरेन्स यांच्यासोबत त्याने ट्रॅक्स उभी केली. पण त्याचा हिशेब भंगारवाल्याचा. न खपलेल्या जुन्या रेकॉर्ड दळून त्याच प्लास्टिकच्या नव्या रेकॉर्ड तो काढी. त्यामुळे ट्रॅक्सच्या मूळ प्रतींत गाण्याआधी खरखर ऐकू येते, आणि कधीकधी प्लास्टिकमध्ये जुन्या चकतीचा कागदी कपटाही सापडतो म्हणतात. कलाकारांच्या हातावर रोख रक्कम टेकवायची आणि कागदावर सही घ्यायची, असा सौदा. रॉयल्टी हा शब्द पोरांना माहीत व्हायला वेळ लागला.

याच ट्रॅक्सवर १९८७ मध्ये 'फ्यूचर' या त्रिकुटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आली. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे चपटं चंदेरी यंत्र एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलं होतं. ते कुणालाच आवडलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. डीजे पिअर आणि त्याच्या मित्रांनी जुन्या बाजारातून एक उचललं आणि बटणं नको तेवढी पिळली. त्यातून जो किंचाळणारा, चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज निघाला, तो 'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये रॉन हार्डीने एकाच रात्रीत चार वेळा वाजवला. पहिल्या वेळी नाचणाऱ्यांनी जागा रिकामी केली, चौथ्या वेळी ते बेभान झाले.

इथे मला मुंबईला यावंच लागतं. हिंदी सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये, म्हणजे 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'च्या पाच वर्षं आधी, हेच टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ड्रम मशीन घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली. ललत, यमन, मेघमल्हार असे दहा राग, खाली डिस्कोचा ठोका. चकतीवर आपला कुत्रा. ती खपली नाही आणि विसरली गेली. पुढे एका डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत सापडली. त्याने सिंग यांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या छोट्या लेबलवर ती पुन्हा काढली. युरोपातले श्रोते चक्रावले: 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'च्या वळणाचं हे अ‍ॅसिड हाउस शिकागोत जन्मलं की मुंबईत? खरं तर शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा काहीही पुरावा नाही, आणि सिंग यांनाही क्लबशी कर्तव्य नव्हतं. एकच यंत्र दोन शहरांत, इतकंच. मींड घेणारा सूर त्या यंत्रातून सहज निघतो हे एका वाजवणाऱ्याच्या कानाने हेरलं होतं. सत्तरी उलटल्यावर सिंग यांनी परदेशात हे राग तरुणांच्या गर्दीपुढे वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

तिकडे शिकागोचं संगीत ऐंशीच्या दशकातच लंडनने उचललं होतं. जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह 'सिल्क' हर्लीचं 'जॅक युअर बॉडी' ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. ते मूळचं 'डीजे इंटरनॅशनल'चं, म्हणजे ट्रॅक्सच्याच गावातल्या प्रतिस्पर्ध्याचं. खुद्द अमेरिकेत मात्र बहुतेकांना पत्ता नव्हता. शिकागोच्या पश्चिम भागात रे बार्नी आपल्या रेकॉर्डविक्रीच्या धंद्यातून 'डान्स मेनिया' चालवी. तिथल्या रेकॉर्ड आणखी ओबडधोबड, वेगवान, आणि शब्द असे की घरी वडीलधाऱ्यांसमोर वाजवू नयेत. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने १९९७ च्या 'टीचर्स' या गाण्यात आपल्या गुरूंची यादीच म्हणून दाखवली, तीत डान्स मेनियावरची नावं आहेत. तरी २००१ मध्ये हे लेबल बंद पडलं.

२०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, आणि एकटं तेच नव्हे. तबकडी परत आली, हे आता नवं राहिलेलं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ४ कोटींहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या आणि १९८७ नंतर प्रथमच त्यांनी सीडींना मागे टाकलं. गंमत अशी की त्याचा त्रास झाला तो छोट्या लेबलांनाच. पडत्या काळात छापखाने जगवले ते यांच्या पाचशे-पाचशे प्रतींनी. बडे कलाकार लाखांच्या मागण्या घेऊन आले तेव्हा हीच मंडळी रांगेत महिनोन्महिने मागे गेली. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अपोलो मास्टर्सला आग लागली. ध्वनी ज्यावर प्रथम कोरतात त्या लॅकरच्या चकत्या जगात दोनच ठिकाणी बनत. त्यातलं एक ठिकाण गेलं, उरलं ते जपानमधलं.

पुनरागमनाची खरी झुंज मात्र कोर्टात झाली. लॅरी हर्ड हा मुळात ड्रमवादक. त्याचं 'कॅन यू फील इट' १९८६ मध्ये ट्रॅक्सवर आलं. दोन यंत्रांतून काढलेली अशी शांत, पहाटेसारखी रचना हाउसमध्ये क्वचितच झाली असेल. ती जगभर वाजली, पुन्हा पुन्हा छापली गेली. जून २०२० मध्ये हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी ट्रॅक्सवर दावा लावला: हक्क आमचे, आणि रॉयल्टी कधी मिळालीच नाही. शर्मन त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता, त्यामुळे उत्तर त्याच्या मागे उरलेल्यांना द्यावं लागलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तडजोड झाली आणि दोघांना आपल्या संगीताची मालकी परत मिळाली. दोनच महिन्यांनी इतर कलाकारांनी दावा ठोकला. त्यांत मार्शल जेफरसन होता.

हर्डने आपली पहिली रेकॉर्ड, 'मिस्टरी ऑफ लव्ह', १९८५ मध्ये काढली ती ट्रॅक्सवर नव्हे, तर 'अलीव्हिएटेड' या स्वतःच्या लेबलवर. मधल्या काळात त्याने इतरांसाठी काम केलं, मोठ्या कंपनीचाही अनुभव घेतला. २०१८ चा त्याचा 'सेरेब्रल हेमिस्फिअर्स' हा अल्बम पुन्हा अलीव्हिएटेडवरच निघाला. तबकड्यांच्या त्या संचातल्या प्रत्येक चकतीवर १९८५ चंच नाव दाबलेलं आहे.