ट्यूक्सबरी : एका छपराखाली दोन घराणी

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, सेव्हर्न आणि एव्हन नद्यांच्या संगमावर ट्यूक्सबरी वसलं आहे. लाकडी चौकटींची जुनी घरं, अरुंद बोळ आणि त्या सगळ्यांवर उभा असलेला ॲबीचा, म्हणजे मठाच्या चर्चचा, भक्कम नॉर्मन मनोरा. या मनोऱ्याच्या दक्षिणेला ४ मे १४७१ रोजी यॉर्क आणि लँकेस्टर घराणी भिडली. दोन्ही तिसऱ्या एडवर्डचीच वंशज. त्यांच्या संघर्षाचं ‘गुलाबांची युद्धं’ हे नाव गोड असलं, तरी ही गादीसाठीची भाऊबंदकीच होती.

लँकेस्टरच्या सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट सतरा वर्षांच्या युवराज एडवर्डला घेऊन वेल्सकडे निघाली होती. जास्पर ट्यूडरची कुमक तिकडे होती. पण ग्लॉस्टर शहराने दरवाजे उघडले नाहीत, नदी ओलांडता आली नाही आणि दमलेल्या फौजेला यॉर्कच्या चौथ्या एडवर्डने इथे गाठलं. युवराज मारला गेला. पळणाऱ्यांची जिथे कत्तल झाली, ते कुरण आजही ‘ब्लडी मेडो’ म्हणून ओळखलं जातं. ॲबीच्या आसऱ्याला गेलेल्या सॉमरसेटच्या ड्यूकला बाहेर काढून दोन दिवसांनी त्याचा शिरच्छेद केला. २१ मेच्या रात्री लंडनच्या टॉवरमध्ये हेन्रीचाही अंत झाला.

रणभूमीवर आता गवतच दिसतं; खरा इतिहास ॲबीत आहे. युवराजाच्या नावाची पितळी पाटी गायनमंडपाच्या फरशीत बसवलेली आहे आणि वर छतावर सोनेरी सूर्य झळकतात. सूर्य हे यॉर्कचं चिन्ह. ज्याचा वंश खुंटवला, त्याच्याच थडग्यावर जेत्यांनी आपली मोहोर उमटवली. इतकी निष्ठुर सजावट कुठल्याही देवळात शोभणार नाही.

वेदीमागच्या तळघरात चौथ्या एडवर्डचा सख्खा भाऊ, क्लॅरेन्सचा ड्यूक जॉर्ज, पत्नी इझाबेलसह विसावला आहे. इझाबेलची बहीण ॲन ही युवराजाची पत्नी. म्हणजे जॉर्ज आणि युवराज हे साडू. या लढाईत जॉर्ज भावाच्या बाजूने लढला. १४७८मध्ये त्याच भावाने त्याला देहदंड दिला.

मठ बरखास्त झाल्यावर आठव्या हेन्रीच्या काळात गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून ही वास्तू विकत घेतली, म्हणून ती वाचली. जमलं तर जुलैत जा. तेव्हा इथे मध्ययुगीन महोत्सव भरतो, लढाई पुन्हा उभी केली जाते आणि लढलेल्या सरदारांची निशाणं रस्तोरस्ती फडकत असतात.