चौदाव्या रात्रीची भाकर

‘भिऊ नका’ लेखमाला : लेखांक सहावा

मालवण बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला की दांडीपासून देवबागपर्यंत किनाऱ्यावर लगबग सुरू होते. होड्या वाळूवर वर ओढल्या जातात, जाळी आत येतात, दूरच्या बोटी देवगड बंदराचा आसरा धरतात. त्या वेळी कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही. बावट्याला मान देतो तोच तांडेल शहाणा, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. देवानं माणसाच्या मनात भीती ठेवली ती या बावट्यासारखी, असं मला वाटतं. ती वेळेवर वर चढावी, माणसानं ती पाहावी, करायचं ते करावं आणि वारा पडला की ती खाली यावी.

चिंतेचं दुखणं निराळं. वारा पडतो, पण बावटा उतरत नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळ आलं, 16 मे 2021 ला तौक्ते या किनाऱ्याला घासून वर गेलं. कौलं पुन्हा चढली, विजेचे खांब पुन्हा उभे राहिले. तरी मे महिन्यात ढग जरा काळवंडले की पोटात गोळा येणारी माणसं आजही वाडीवाडीत आहेत. बोट परतायला उशीर झाला म्हणून हातातला फोन खाली न ठेवणारी आई, मोहोर गळाल्यावर रात्रभर कर्जाची बेरीज करणारा बागायतदार, गोव्याला नेऊन केलेल्या तपासणीच्या रिपोर्टची वाट बघणारं घर. यांच्यासमोर बसून ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ असं म्हणणं सोपं आहे. ते खरं आहे का, हा प्रश्न आहे.

गेल्या आठवड्यात आपण डोंगरावरच्या प्रवचनातली पाखरं आणि रानफुलं पाहिली. आज त्याच शिकवणीची परीक्षा समुद्रावर पाहायची आहे. त्यासाठी मी गालील सरोवरातलं वादळ घेणार नाही. ते आपण अनेकदा ऐकलेलं आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय घेऊ. चर्चमध्ये त्यावर प्रवचन क्वचितच होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र त्यातली ओळ न् ओळ समजेल, कारण तो अध्याय लिहिणारा बोटीवर होता.

इसवी सन 60 च्या आसपासची गोष्ट. संत पौल कैदी आहे. रोमच्या सम्राटापुढे न्याय मागायला त्याला धान्याच्या जहाजातून नेलं जात आहे. भूमध्य समुद्रात तेव्हा शरद ऋतू लागलेला, म्हणजे शिडाच्या जहाजांनी बंदरातच राहायचे दिवस. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तसा तिथला तो काळ. क्रीत बेटापाशी पौल बोलतो, आणि त्याचं पहिलं बोलणं प्रार्थनेचं नाही. तो इशारा देतो : आता पुढे जाऊ नका, माल जाईल, जहाज जाईल, जीवही जातील. कैद्यांना नेणारा रोमी शताधिपती त्याचं ऐकत नाही. जहाजाच्या मालकाचं आणि सुकाणू धरणाऱ्याचं ऐकतो. इथे थोडं थांबावंसं वाटतं. ‘देव आहे ना, काढा बोट’ असं म्हणणारी श्रद्धा पौलाजवळ नव्हती. हवामान खात्याचा इशारा धुडकावून देवाच्या भरवशावर समुद्रात जाणं याला ख्रिस्ती श्रद्धेचा आधार नाही, हे या अध्यायातून स्वच्छ दिसतं.

मग ईशान्येचा वारा सुटतो. दिवसचे दिवस ना सूर्य दिसतो ना तारे. आधी माल समुद्रात टाकतात, मग जहाजाचं सामानसुमान. वाचण्याची आशाच संपली, असं लेखक लिहितो. तो ‘त्यांची’ आशा म्हणत नाही, ‘आमची’ म्हणतो. तोही त्यांच्यातलाच होता. कुणी काही खात नाही. जास्त दिवस भीती अंगात राहिली की पहिल्यांदा अन्न जातं, मग झोप जाते. ज्यानं हे सोसलं आहे त्याला सांगायला नको.

अशा वेळी पौल उभा राहतो. रात्री देवदूतानं त्याला सांगितलं आहे की सगळे जीव वाचतील. पण त्याच दमात तो दुसरी गोष्टही सांगतो : जहाज मात्र जाणार. मला या अध्यायातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं. श्रद्धा जहाजाचा विमा उतरवत नाही. होडी बुडेल, बाग जाईल, रिपोर्ट वाईट येईल, यातलं काहीही होणार नाही असं आश्वासन शुभवर्तमानात कुठेही नाही. जो कुणी ते देतो, तो स्वतःच्या पदरचं देतो. आश्वासन आहे ते सोबतीचं. त्या रात्रीविषयी पौल सांगतो की मी ज्याचा आहे त्या देवाचा दूत माझ्यापाशी उभा राहिला.

चौदावी रात्र. खलाशांना जमिनीचा वास लागतो. ते बुडीद सोडून खोली मोजतात : आधी वीस वाव, थोड्या वेळानं पंधरा. खडकावर आदळू नये म्हणून मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट बघत बसतात. तेवढ्यात काही खलाशी, पुढचे नांगर टाकतो असं दाखवून, छोटी होडी पाण्यात सोडून पळायच्या बेतात असतात. पौल शताधिपतीला म्हणतो की ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. पाहा, देवदूताचं वचन मिळालेलं आहे, सगळे वाचणार हे ठरलेलं आहे, तरीही पौलाला खलाशी हवे आहेत. देवाच्या वचनानं सुकाणू धरणारा हात नको झाला नाही. सैनिक दोर कापतात, होडी वाहून जाते, खलाशी जहाजावर राहतात.

आणि पहाट होता होता पौल सगळ्यांना जेवायला सांगतो. चौदा दिवस तुम्ही पोटात काही घेतलं नाही, आता खा, जगायला ते लागणार आहे. तो भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि आधी स्वतः खातो. ज्यांनी मिस्सात बसून शेवटच्या भोजनाची कथा ऐकली आहे त्यांना ही क्रिया ओळखीची वाटेल : घेणं, आभार मानणं, मोडणं. फरक इतकाच की इथे जहाज अजून हेलकावत आहे, पुढे खडक आहेत, आणि आभार मानावेत असं डोळ्यांपुढे काहीच नाही. तरी तो आभार मानतो. मग सगळ्यांना धीर येतो आणि 276 माणसं जेवतात. लेखकानं आकडा मुद्दाम इथे दिला आहे, जेवणाच्या वेळी.

उजाडल्यावर जहाज वाळूच्या दांड्यावर अडकतं, मागची बाजू लाटांनी फुटते. पोहता येणारे आधी उड्या टाकतात, बाकीचे फळ्या धरून मालटा बेटाच्या किनाऱ्याला लागतात. सगळे वाचतात. मालटात आजही 10 फेब्रुवारीला त्या जहाजफुटीचं फेस्त होतं.

आता एक जोड लावू. चिंता करू नका, प्रत्येक गोष्टीत आभार मानून आपलं मागणं देवाला कळवा, म्हणजे त्याची शांती तुमच्या मनावर पहारा देईल, या आशयाचा उपदेश पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. घराघरांतल्या कॅलेंडरांवर तो छापलेला असतो. परंपरेप्रमाणे हे पत्र रोमच्या कैदेतून लिहिलेलं आहे, म्हणजे मालटानंतर. हा उपदेश करणाऱ्यानं तो आधी समुद्रावर स्वतः आचरलेला आहे. आणि त्याच पौलानं करिंथकरांना, या प्रवासाच्याही आधी, लिहून ठेवलं होतं की आपलं जहाज तीनदा फुटलं, एक रात्र आणि एक दिवस आपण खोल समुद्रात काढला, आणि या सगळ्यावर सगळ्या मंडळ्यांची काळजी आपल्याला रोज छळते. चिंता करू नका म्हणणारा माणूस स्वतःला रोज लागणारी काळजी लपवत नाही. म्हणून ‘तुझी श्रद्धा पक्की असती तर तू घाबरला नसतास’ हे वाक्य आपल्या बोलण्यातून कायमचं जावं असं मला कळकळीनं वाटतं. त्या वाक्यानं कितीतरी भाविक माणसं भीतीबरोबर लाजही वागवत जगतात. गेथशेमाने बागेत खुद्द येशू हादरला होता, आपल्या मित्रांना जागं राहा म्हणून विनवत होता. हे लपवून ठेवावं असं शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना वाटलं नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात ज्याच्या अवशेषांपुढे दर 3 डिसेंबरला सिंधुदुर्गातलीही माणसं गुडघे टेकतात, त्या संत फ्रान्सिस झेवियरचीही अशी एक समुद्राची गोष्ट आहे. मलाक्काहून कोचीनला येताना त्याचं जहाज तीन दिवस तीन रात्री वादळात सापडलं. जानेवारी 1548 मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की जीव वाचवायला माल समुद्रात टाकावा लागला, आणि जमिनीला लागलो तर पुन्हा समुद्रात पाऊल ठेवणार नाही असं कित्येकांनी बोलून ठेवलं. त्या गदारोळात त्यानं काय केलं? आपल्या संघातल्या मित्रांची, मग देवदूतांची, मग संतांची एकामागून एक आठवण काढून त्यांना आपल्यासाठी विनंती करायला लावली. एकटा होता, पण प्रार्थनेत त्यानं गर्दी जमवली. वाटेवरच्या खुरसापाशी संध्याकाळी वाडीतली माणसं लदीन म्हणायला जमतात तेव्हा तेच घडत असतं. संतांची नावं एकामागून एक घेतली जातात आणि सगळे मिळून उत्तर देतात. ज्याच्या घशातून त्या दिवशी शब्द फुटत नाही त्याच्या वाटची प्रार्थना शेजारी म्हणतो. चिंता माणसाला एकटं पाडते. म्हणून तिच्यावरचा ख्रिस्ती उपाय बहुतेक वेळा चारचौघांतच सुरू होतो.

कधी तो कामातही सुरू होतो. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. उपासमार कशी असते हे त्यांना वाचून कळलेलं नव्हतं. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा ती जुनी भीती त्यांच्या मनात जागी झाली नसेल असं मानणं कठीण आहे. त्यांच्या कामाला बॉस्टनच्या मंडळानं दिलेलं दहा वर्षांच्या मदतीचं वचनही तेव्हा संपत आलं होतं. अशा वेळी त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. पैसे कुठून येतील याचं उत्तर हातात नसताना त्यांनी मुलींना आधी जेवू घातलं. पौलाच्या जहाजावरची भाकर मला इथे पुन्हा दिसते.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी तळटीपेसारखी ठेवणार नाही. त्या जहाजावर ‘आम्ही’ म्हणून लिहिणारा, परंपरेप्रमाणे, लूक होता. कलस्सैकरांच्या पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. पौलाबरोबर वादळात वैद्य होता. आपल्याच वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी जे रुग्णालय चालवलं त्याला याच लूकचं नाव दिलं, सेंट ल्यूक्स. प्रार्थना करणाऱ्यांनीच ते बांधलं. तेव्हा आठवडेच्या आठवडे झोप येत नाही, छाती धडधडते, हात कापतात, कामात मन लागत नाही, जगणं नको वाटतं, अशी वेळ आली तर फादरना भेटा आणि डॉक्टरनाही भेटा. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरनं दिलेली गोळी घेतली म्हणून कुणाचा विश्वास उणा होत नाही. पौलानं तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर घरगुती औषध सुचवलं, नुसती प्रार्थना कर असं सांगितलं नाही.

या आठवड्यात करून पाहण्यासारखं थोडं सांगतो. रात्री निजण्याआधी चिंतेला तिच्या नावानं हाक मारा. ‘देवा, सगळं नीट कर’ असं मोघम नको. हप्ता किती आहे, तारीख कुठली आहे, पोराचं काय बिनसलं आहे ते देवापुढे नेमकं सांगा. त्यानंतर आजच्या दिवसातली आभार मानण्यासारखी एक खरी गोष्ट सांगा, ताटातली पेज असली तरी चालेल. जेवण चुकवू नका, आणि घरात कुणी चिंतेनं जेवत नसेल तर त्याच्या शेजारी ताट घेऊन बसा. पौलानंही आधी स्वतः खाल्लं. उद्या सकाळी करता येईल असं एकच काम ठरवा. बँकेत जाऊन बोलणं असेल, डॉक्टरची वेळ घेणं असेल, भावाला फोन करणं असेल.

हे सगळं करूनही काहींची रात्र सरणार नाही, हे मी जाणतो. बायबल लिहिणारेही ते जाणत होते. स्तोत्रसंहितेतली बहुतेक विलापगीतं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपतं. तरीही ते वगळलं गेलं नाही, प्रार्थना म्हणूनच राहिलं. ज्यांची प्रार्थना अजून अंधारातच संपते त्यांच्यासाठी पुढचा लेखांक त्या स्तोत्रावर असेल. जमलं तर तोवर ते एकदा वाचून ठेवा, शक्यतो मोठ्यानं आणि कुणाला तरी सोबत घेऊन.