नाती तक्त्यांची : एकच थांबा, दोनदा

‘मार्ग_थांबे’ हा जोड-तक्ता आपण गेल्या आठवड्यात बांधला. आज त्यावर जॉइन चालवायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या वेळी. कारण बिबवेवाडीच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आलाय आणि तो सोडून पुढे जाववत नाही. त्या विचारतात, ‘अप्पर इंदिरानगरहून स्वारगेटला जाणारी बस एका थांब्यावर एकदाच थांबते. मग मार्ग आणि थांबा या जोडीलाच प्रायमरी की केलं तर पुरे ना?’

बहुतेक पाठ्यपुस्तकं हेच सांगतात. त्यांचं आवडतं उदाहरण विद्यार्थी आणि विषय यांचं. पण तिथेही एटीकेटी लागली की तोच विद्यार्थी त्याच विषयाला पुन्हा बसतो, आणि दोनांची जोडी अपुरी पडते.

बसकडे येऊ. स्वारगेटच्या बसपुरतं भगिनींचं म्हणणं बरोबर आहे. पण ‘पुणे दर्शन’ घ्या. ही बस जिथून निघते तिथेच परत येते, म्हणजे पहिला आणि शेवटचा थांबा एकच. मार्ग आणि थांबा ही जोडी की असेल, तर डेटाबेस शेवटची ओळ घेणारच नाही. तक्रार रास्त असते, कारण ही जोडी एकदाच येईल असं आपणच त्याला बजावलेलं असतं.

म्हणून की करायची ती मार्ग आणि क्रम यांची. अमुक मार्गावर सातव्या क्रमाला थांबा एकच असू शकतो. तो थांबा आधी येऊन गेला असला तरी हरकत नाही. क्रम हा ना मार्गाचा गुण, ना थांब्याचा. तो दोघांच्या नात्याचा आहे, म्हणून तो जोड-तक्त्यातच राहतो. मला या विषयातलं सगळ्यात देखणं काही वाटत असेल तर ते हेच.

जगभरच्या बससेवा वेळापत्रकं ज्या जीटीएफएस साच्यात देतात, त्यातही हाच मार्ग आहे. 2005 साली गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट यांच्या कामातून तो साचा निघाला. तिथे फेरी आणि क्रम मिळून ओळ ठरते. क्रम चढता हवा, सलग असायची सक्ती नाही. तेव्हा 10, 20, 30 असे आकडे द्या. उद्या मध्येच नवा थांबा आला तर 15 टाकायचं, बाकीच्या ओळींना हात लावायचा नाही.

ज्यांना वेगळा आयडी हवाच आहे त्यांनी तो खुशाल ठेवावा. दुसरा एखादा तक्ता या ओळीकडे बोट दाखवणार असेल तर तो सोयीचाच पडतो. मात्र मार्ग आणि क्रम यांवर युनिकचं बंधन घालाच. नुसत्या आयडीवर विसंबलात तर तीच ओळ दोनदा शिरेल आणि एकच बस यादीत दोनदा दिसेल.

राहिला इंडेक्स. ‘या मार्गावर कोणते थांबे?’ हा प्रश्न आपली की झटपट सोडवते. ‘या थांब्यावर कोणत्या बस?’ याला ती उपयोगी नाही, कारण तिची सुरुवात मार्गापासून आहे. त्यासाठी थांब्याच्या स्तंभावर वेगळा इंडेक्स लागतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी फॉरेन कीबरोबर तो आपण होऊन करतं, पोस्टग्रेस करत नाही. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी पुढच्या आठवड्याच्या आत तो करून ठेवावा. जॉइन तिथूनच सुरू करू.