मोबाईलमधला पहारेकरी कधी झोपतो?



"मोबाईल नुसता ठेवला तरी चार्जिंग कसं उतरतं?" हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. आपल्या भागात तो साधा प्रश्न नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी गावांत वीज नव्हती. तेव्हा घराबाहेर अडकलेल्या माणसाशी बोलायला बॅटरीचा शेवटचा भागच कामाला येत होता. म्हणून ही बचत आतून कशी होते, ते आज पाहूया.

पहारेकरी कोण?

जयसिंगपूरच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे पत्ता सापडायला सोपा जातो. मोबाईलच्या मेमरीतही प्रत्येक जागेला असाच क्रमांक असतो. पण कॅमेऱ्याला फोटो ठेवायचा असेल, तर त्याला खरा क्रमांक सहसा दिला जात नाही. त्याच्याकडे असतो कामापुरता दिलेला पत्ता. मध्ये एक पहारेकरी बसलेला असतो. तो तक्ता बघून खरी जागा शोधतो आणि परवानगी नसेल तर अडवतो. या भागाला 'आयओएमएमयू' म्हणतात. त्याला चालवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे त्याचा 'ड्रायव्हर'.

कॅमेरा बंद असताना हा पहारेकरी जागा राहिला, तर वीज फुकट जाते. म्हणून यंत्र चालू असतानाच रिकामे भाग झोपवायची सोय केलेली आहे. अँड्रॉइड ज्या लिनक्सवर उभं आहे, त्यात ही सोय २००९ मध्ये आली. तिला 'रनटाइम पॉवर मॅनेजमेंट' म्हणतात.

खड्यांचा हिशोब

पद्धत अगदी पहिलीच्या गणितासारखी आहे. ज्याला पहारेकऱ्याची गरज आहे, त्याने डब्यात एक खडा टाकायचा. काम झालं की एक उचलायचा. डब्यात शून्य खडे राहिले, की पहारेकऱ्याने झोपायचं.

पण लगेच झोपून चालत नाही. मुलं दोन मिनिटं पाणी प्यायला गेली म्हणून आपण वर्गाला कुलूप लावतो का? झोपण्या-उठण्यातही वीज आणि वेळ जातो. म्हणून बरेच ड्रायव्हर थोडं थांबून मग झोपवतात.

क्रमही महत्त्वाचा. शाळेत शिपाईमामा सगळ्यांच्या आधी येऊन गेट उघडतात आणि सगळे गेल्यावर बंद करतात. तसंच इथे आधी पहारेकरी उठतो, मग कॅमेरा. झोपताना आधी कॅमेरा, शेवटी पहारेकरी.

उठल्यावर काय आठवतं?

वीज पूर्ण तोडली, की पहारेकऱ्याच्या स्वतःच्या नोंदी पुसल्या जातात. फळा पुसावा तशा. पण पत्त्यांचा मुख्य तक्ता मेमरीत शाबूत असतो, कपाटातल्या हजेरीपटासारखा. म्हणून उठवताना ड्रायव्हर त्याला पुन्हा सांगतो, "तुझा तक्ता अमुक ठिकाणी आहे." हे सांगायचं राहिलं, तर पत्ते चुकतात आणि फोन अडकू शकतो.

हिशोबात दोन प्रकारे गडबड होते. खडा उचलायचा राहिला, तर पहारेकरी रात्रभर जागा राहतो आणि बॅटरी उतरते. खडा टाकायचा राहिला, तर कामाच्या मध्येच तो झोपतो आणि कॅमेरा बंद पडतो.

वर्गात करून बघा

एक मूल पहारेकरी, दोघं कॅमेरा आणि स्क्रीन, एक डबा आणि थोडे खडे. प्रत्येकाने खडा टाकून पत्ता विचारायचा, काम झालं की खडा उचलायचा. मग एकाला मुद्दाम खडा विसरायला सांगा. पहारेकरी का झोपत नाही, ते मुलं स्वतःच शोधून काढतील. बेरीज, वजाबाकी आणि शून्याचा अर्थ, तिन्ही एकाच खेळात.

पालकांसाठी

हा हिशोब आपल्या हातात नाही, सेटिंगमध्ये त्याचं बटण नसतं. मात्र ड्रायव्हरमधल्या अशा चुकांची दुरुस्ती सिस्टिम अपडेटमधूनच येते, तेव्हा अपडेट टाळू नका. आणि व्हिडिओ कॉल संपला की तो नीट बंद झालाय ना, हे बघा. कॉल चालू असेपर्यंत कॅमेऱ्याचा खडा डब्यातच राहतो.

खेळ घेतल्यावर मुलं काय म्हणाली, ते जरूर कळवा.